ताडी, कायदा आणि विकर : कांदिवलीच्या परिसरातील मद्याचा इतिहास

ताडाच्या पोयीतून रात्रभर ठिबकलेला रस पहाटे मडक्यातून उतरवला की तो पाण्यासारखा पातळ, गोड आणि निर्धोक असतो. त्याला नीरा म्हणतात. ऊन चढू लागले की त्यावर फेस धरतो, वासाला आंबूसपणा येतो आणि दुपारपर्यंत नीरेची ताडी झालेली असते. मडक्याला आतून चुन्याचा हात दिला तर हा बदल काही तास लांबतो. न दिल्यास कोणी काहीही न करता घडतो. कालच्या रसाचा जो ओशट थर मडक्याच्या कडांना चिकटलेला असतो, त्यात यीस्टच्या कोट्यवधी पेशी वाटच पाहत असतात. कांदिवली, मालाड, बोरिवली या साष्टीच्या गावांतील मद्याचा इतिहास या मडक्यापासून सुरू होतो, आणि मद्यासक्तीच्या जीवशास्त्राची पहिली पायरीही त्यातच आहे.

मुंबई उपनगर जिल्हा १९२० साली वेगळा होईपर्यंत हा मुलूख ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात होता. पूर्वेला आकुर्लीकडचे डोंगर, मधून वाहणारी पोईसर नदी, पश्चिमेला चारकोपपलीकडे मालवणी आणि मार्व्यापर्यंत पसरलेली खाजणे व खाडी. भातखाचरांच्या बांधांवर आणि खाडीकाठी ताड, शिंदी व माड उभे असत. ताडाची ताडी, शिंदीची शिंदी आणि माडाची माडी ही तीन वेगळी पेये असून चव व मोसम पाहून गिऱ्हाईक त्यांत निवड करी. झाडे छेदण्याचे काम मुख्यतः भंडारी समाजाकडे, खाडीपलीकडच्या गोराई-मनोरीच्या बाजूस ख्रिस्ती झालेल्या ईस्ट इंडियन कुटुंबांकडेही होते. हे काम दिसते तितके सोपे नाही. पोय बांधून घ्यायची, हलक्या हाताने ठोकून मऊ करायची आणि मग रोज सकाळ-संध्याकाळ टोकाचा कागदाइतका पातळ काप काढायचा. काप जाड झाला तर पोय लवकर संपते, काढलाच नाही तर तोंड सुकून रस थांबतो. खोडावर दिवसातून दोनदा चढणाऱ्या माणसाच्या छातीवर आणि पावलांवर घट्टे पडत, आणि पावसाळ्यात पाय सुटला तर जीव जाई.

मडक्यातला फेस कशाने येतो, याचे उत्तर मिळायला १८९७ साल उजाडावे लागले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडुआर्ड बुखनर याने यीस्ट वाळूबरोबर घोटून त्याचा रस पिळून काढला. त्या रसात एकही जिवंत पेशी नव्हती, तरी साखर घातल्यावर तो फसफसू लागला. आंबवण्याचे काम जिवंतपणा करत नसून पेशीतला एक पदार्थ करतो, हे त्यातून सिद्ध झाले. अशा पदार्थांना मराठीत विकर म्हणतात, इंग्रजीतून आलेला शब्द एन्झाइम. बुखनरला १९०७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी कांदिवलीचे रेल्वे स्थानक सुरू झाले. तेव्हा त्याचे नाव खांडोली असे लिहीत. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण स्थानकामागच्या ताडांवर रोज घडणाऱ्या गोष्टीचा उलगडा जगाला नुकताच झाला होता, हे ध्यानात राहण्याजोगे आहे.

बुखनरने ज्याला एकच पदार्थ मानले तो पुढे विकरांची मोठी साखळी निघाला. तिच्या शेवटच्या दोन कड्या महत्त्वाच्या. यीस्ट साखरेचे तुकडे करत पायरुव्हेटपर्यंत येते. एक विकर त्यातला कार्बन डायऑक्साइड सोडवते, तोच फेस. उरते ते अ‍ॅसिटाल्डिहाइड, एक झोंबरे विष. दुसरे विकर, अल्कोहोल डिहायड्रोजिनेज, त्याचे इथाइल अल्कोहोल करते. यातील पहिल्या विकराला काम करण्यासाठी थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, लागते.

माणसाचे यकृत नेमके याच्या उलट चालते. त्यातही अल्कोहोल डिहायड्रोजिनेज आहे, पण ते अल्कोहोलचे पुन्हा अ‍ॅसिटाल्डिहाइड करते. मग अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज नावाचे विकर त्या विषाचे अ‍ॅसिटेट करते आणि ते अखेर पाणी व कार्बन डायऑक्साइड होऊन शरीराबाहेर पडते. यीस्ट ज्या वाटेने पुढे गेले त्याच वाटेने यकृत मागे येते, आणि दोन्हीकडे मधला मुक्काम विषाचाच. या परतीच्या प्रवासाला ठरलेला वेग आहे. सर्वसाधारण माणसाचे यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निकालात काढते. पिणारा श्रीमंत आहे की रोजंदारीवरचा, याने त्यात काडीचा फरक पडत नाही. ताडीत अल्कोहोल साधारण चार ते सहा टक्के असते. पोटही भरते आणि प्यायला वेळही लागतो, त्यामुळे यकृताला थोडी उसंत मिळते. शिवाय ताडी गाळीव नसल्याने तिच्यात यीस्ट राहते आणि यीस्टबरोबर ब गटातील काही जीवनसत्त्वेही पोटात जातात. ताडी प्यायल्याने नशा होते आणि तिचेही व्यसन लागते, यात शंका नाही. पण पुढे तिच्या जागी जे आले त्याची मापे निराळी होती.

हा बदल घडवला तो महसुलाने. मुंबई सरकारचा १८७८ चा अबकारी कायदा आणि तो राबवणारे आयुक्त प्रिचर्ड यांच्या धोरणामुळे प्रत्येक छेदल्या जाणाऱ्या झाडावर जबर कर बसला, गावोगावच्या लहान भट्ट्या बंद झाल्या आणि दारू गाळण्याचे काम सरकारी देखरेखीखालील मोठ्या कारखान्यांकडे गेले. ठाणे जिल्ह्यासाठी मोहाची दारू मुख्यतः उरणहून येऊ लागली. तिथले कारखाने पारशी व्यापाऱ्यांचे होते. दारूवाला, ताडीवाला ही आडनावे त्याच व्यापाराची खूण आहेत. मोहाची फुले रानात फुकट मिळतात आणि ती भिजवून, आंबवून घरी दारू गाळता येते, ही सरकारच्या दृष्टीने गळती होती. ती बुजवण्यासाठी १८९२ चा मोहफुलांचा कायदा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले जवळ बाळगणे, गोळा करणे हाच अपराध ठरला. ज्या आदिवासींच्या घरात ही फुले टंचाईच्या दिवसांत भाकरीची जागा घेत, त्यांच्या टोपल्या या कायद्याने तपासल्या गेल्या.

ताडी महागली, गाळीव दारू परवान्याच्या पिठ्यावर सहज मिळू लागली. भांडेभर ताडीतले अल्कोहोल आता ग्लासाच्या तळाशी मावत होते. आजच्या ४२.८ टक्के तीव्रतेच्या दारूचा ३० मिलिलिटरचा पेग म्हणजे सुमारे दहा ग्रॅम अल्कोहोल, यकृताचे तासाभराचे काम. असे चार-पाच पेग अर्ध्या तासात पोटात गेले की विकरे मागे पडतात, अल्कोहोल रक्तात साचते आणि मेंदूपर्यंत विनाअडथळा जाते. गाळणीच्या वाफेबरोबर जीवनसत्त्वे वर येत नाहीत. ती भांड्याच्या तळाशीच राहतात. करआकारणीच्या गणितात या गोष्टी कुठेच नव्हत्या. सरकारी तिजोरीसाठी घेतलेल्या निर्णयाने एका प्रदेशातील लोकांना सौम्य पेयाकडून कडक पेयाकडे ढकलले, असे म्हणता येते.

त्या काळी महाराष्ट्रात याविरुद्ध आवाज उठला तो नीतीच्या आणि दारिद्र्याच्या भाषेत. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी १८८० साली दारूच्या दुकानांना लेखी विरोध केला. १९०८ साली पुण्यात गुत्त्यांसमोर निरोधन झाले. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आले आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी दारुड्याकडे त्या नाटकाचा नायक सुधाकर याच्या रूपात पाहिले. गडकऱ्यांना विकरांची माहिती असण्याचे कारण नव्हते, पण सुटू पाहणारा सुधाकर पुन्हा पेल्याकडे कसा ओढला जातो, हे त्यांनी अचूक टिपले आहे. ही ओढ कुठून येते, हे मात्र त्या नाटकाच्या प्रेक्षकांना कळण्याची सोय नव्हती. त्यांनी तिला मनाचा दुबळेपणा म्हटले, आणि घराघरांत आजही तेच म्हटले जाते.

बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहर व उपनगरांत दारूबंदी आणली. अबकारी खात्याचे मंत्री डॉ. गिल्डर हे स्वतः वैद्यकीय व्यवसायातले होते. मंत्रिमंडळ त्याच वर्षी गेले आणि बंदीही ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून राज्यभर संपूर्ण बंदी लागू झाली. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बराचसा भाग उचलून धरला, मात्र अल्कोहोल असलेली औषधे व प्रसाधने यांवरील काही कलमे रद्द केली. ताडाच्या झाडांचे उत्पन्न बुडालेल्या भंडाऱ्यांसाठी नीरा विक्रीची केंद्रे उभी राहिली. काही टिकलीही, पण सगळ्या झाडांना पुरेल इतके गिऱ्हाईक नीरेला कधीच नव्हते. अनेक कुटुंबांनी कोयता ठेवून गिरणीची किंवा कारखान्याची वाट धरली.

बंदीने पिणे थांबवले नाही, ते खाजणात नेले. मुंबईच्या उत्तर टोकाच्या खाड्या, भरतीला तुटणाऱ्या पायवाटा आणि तिवरांची दाटी हातभट्टीला आयतीच सापडली. पिंपात काळा गूळ, पाणी आणि नवसागर. आठवड्याभरात आंबलेले रसायन. खाली जाळ, वर थंड पाण्याचे घमेले. तयार माल मोटारीच्या टायरच्या ट्यूबांत भरून लोकलने शहरात जाई. १ फेब्रुवारी १९५७ रोजी मुंबई महानगरपालिकेची हद्द दहिसरपर्यंत वाढली आणि कांदिवली शहरात आली. पुढच्या दशकांत कारखाने, चाळी आणि झोपडवस्त्या वाढल्या तसे गिऱ्हाईकही वाढले. साठच्या दशकापासून बंदी सैल होत गेली आणि देशी दारूची परवान्याची दुकाने परत आली. तो जुना कायदा मात्र आजही लागू आहे. दारू पिण्यासाठी परवाना लागतो, ही गोष्ट महाराष्ट्रातील बहुतेक पिणाऱ्यांना ठाऊकही नसते.

मुंबईत दारूबंदीचा कायदा होत होता त्याच सुमारास प्रयोगशाळांमध्ये प्रश्नाचे रूप बदलत होते. डेन्मार्कमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे डायसल्फिराम नावाचे रसायन जंतांवरचे औषध म्हणून तपासत होते. गोळी स्वतःवर आजमावत असताना त्यांनी थोडे मद्य घेतले आणि चेहरा लालबुंद होऊन धडधड, मळमळ सुरू झाली. ही गोळी अल्डिहाइड डिहायड्रोजिनेजला जखडून टाकते, त्यामुळे यकृताच्या परतीच्या वाटेवर अ‍ॅसिटाल्डिहाइड तुंबते. १९४८ साली हे प्रसिद्ध झाले आणि दारू सोडवण्याचे पहिले विकराधारित औषध मिळाले. पूर्व आशियातील पुष्कळ लोकांत हेच विकर जन्मतः अधू असते, त्यांना एका पेल्याने तोच त्रास होतो आणि म्हणून ते सहसा व्यसनाकडे जात नाहीत. भारतीयांत हा जनुकीय दोष फारच विरळ आहे. निसर्गाचे हे कुंपण आपल्याकडे नाही. डायसल्फिराम रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. वैतागलेल्या घरच्यांनी ते भाजी-आमटीत गुपचूप मिसळणे जिवावर बेतू शकते.

मेंदूतील विकरांकडे लक्ष वळले ते त्यानंतर. यकृतातले अल्कोहोल डिहायड्रोजिनेज मेंदूत जवळजवळ काम करत नाही. तिथे अल्कोहोलचे अ‍ॅसिटाल्डिहाइड करण्याचे काम मुख्यतः कॅटलेज आणि काही अंशी सायटोक्रोम गटातील एक विकर करते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले. हे दुसरे विकर चार्ल्स लीबर यांनी १९६८ मध्ये यकृतात वर्णन केलेल्या यंत्रणेचा भाग आहे. नियमित पिणाऱ्यात त्याचे प्रमाण वाढते, त्याला पूर्वीइतकी दारू न चढण्याचे हे एक कारण असते, आणि दारू चढत नाही म्हणून तो जास्त पितो. ‘त्याला पचते’ असे ज्याच्याबद्दल कौतुकाने म्हणतात, त्याच्या शरीरात धोक्याची पहिली खूण उमटलेली असते.

व्हर्जिनिया डेव्हिस आणि मायकेल वॉल्श यांनी १९७० साली एक धाडसी मत मांडले. मेंदूतील डोपामिन या संदेशवाहकाचा निचरा करणाऱ्या साखळीतही अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज लागते. मद्यातून आलेल्या अ‍ॅसिटाल्डिहाइडने ते विकर अडवून धरले, तर डोपामिनचे अर्धवट तुटलेले रेणू एकमेकांशी जुळून अफूच्या बोंडात मॉर्फिनच्या वाटेवर तयार होणाऱ्या पदार्थासारखा रेणू बनू शकतो. म्हणजे दारुड्याचा मेंदू स्वतःच एक प्रकारची अफू तयार करत असेल. पुढे उंदरांच्या मेंदूत हा पदार्थ सोडल्यावर काही प्रयोगांत ते जास्त दारू पिऊ लागले, इतर प्रयोगशाळांना तसे सातत्याने दिसले नाही, आणि माणसात त्याचे प्रमाण फारच अल्प आढळले. मूळ रूपात ते मत टिकले नाही. तरीही त्याचे मोल मोठे आहे, कारण व्यसनाचे कारण चारित्र्याऐवजी रेणूंत शोधण्याची दिशा त्याने पक्की केली.

आज जे चित्र स्वीकारले जाते ते असे. अल्कोहोल मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या संदेशवाहकाचा जोर वाढवते, उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटचा जोर कमी करते आणि आनंदाच्या वाटेवर डोपामिन सोडायला लावते. महिनोन्महिने हे चालले की चेतापेशी तोल सांभाळण्यासाठी उलट बाजूला झुकतात. पेशींच्या आतली विकरे संदेशांचे ग्राहक बदलून टाकतात. अशा मेंदूला दारू नसणे हीच विकृती वाटते. पिणे एकदम थांबले की काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, झटके येऊ शकतात. दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन भिंतीवर किडे दिसू लागतात. ही अवस्था उपचाराविना प्राणघातक ठरू शकते. जुळ्यांच्या व दत्तक मुलांच्या अभ्यासांनुसार व्यसनाधीन होण्याच्या शक्यतेत सुमारे निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो. उरलेल्या निम्म्यात घर, कमाई, सोबत आणि कोपऱ्यावरचे दुकान येते.

थायमिन इथे पुन्हा भेटते. मेंदूला साखर वापरण्यासाठी लागणारे ट्रान्सकीटोलेज हे विकर थायमिनशिवाय ठप्प होते. रोज दारू पिणारा माणूस जेवण टाळतो, आणि त्याच्या आतड्यात थायमिन नीट शोषलेही जात नाही. डोळे तिरळे फिरणे, चालताना झोक जाणे, बोलण्यात गोंधळ, ही तीन लक्षणे कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये नोंदवली. स्मृती पुसून जाण्याची पुढची अवस्था कोर्साकोफ यांनी वर्णन केली. वेळेवर दिलेले थायमिनचे इंजेक्शन हा नाश रोखते. त्याची किंमत अगदी किरकोळ आहे, आणि ते न मिळाल्याने कायमची हरवलेली स्मृती कोणत्याही किमतीला परत येत नाही.

ही समज लोकांपर्यंत नेण्याचे काम महाराष्ट्रात संस्थांनी केले. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठका मुंबईत १९५७ पासून सुरू झाल्या. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याला कृपा फाउंडेशन उभारले, त्याचे केंद्र वसईतही चालते. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या देणगीतून १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केले. व्यसनी माणूस हा रुग्ण आहे, हे वाक्य मराठी घरांत रुळवण्याचे श्रेय मुक्तांगणाला द्यावेच लागेल.

पण ज्यांच्यापर्यंत ना संस्था पोचल्या ना परवान्याची दारू परवडली, त्यांच्या वाट्याला आले मिथेनॉल. गुळाच्या हातभट्टीत हे विष नावापुरतेच तयार होते. ते येते रंग आणि रसायनांच्या कारखान्यांसाठी असलेल्या साठ्यातून, दारूची तीव्रता स्वस्तात वाढवण्यासाठी. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये कांदिवलीला लागून असलेल्या मालवणीत ते प्यायले गेले. मालवणीतील मृतांचा आकडा शंभरावर गेला. रोजंदारीवरची माणसे होती, संध्याकाळी प्लास्टिकच्या पिशवीतली दारू प्यायलेली. अत्यवस्थ झालेल्यांना कांदिवलीच्या शताब्दी रुग्णालयासह पालिकेच्या इतर रुग्णालयांत आणले गेले. सत्र न्यायालयाने २०२४ साली चार आरोपींना दोषी ठरवून दहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली, इतर दहा जण सुटले.

मिथेनॉल स्वतः फारसे विषारी नसते. यकृतातले तेच अल्कोहोल डिहायड्रोजिनेज त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड करते, त्यातून फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांच्या मज्जातंतूंचा व मेंदूतील पेशींचा श्वास कोंडते. पिणाऱ्याला रात्री काही जाणवत नाही. सकाळी पोटात कळ येते, उजेड नकोसा होतो, समोर बर्फ पडल्यासारखे पांढुरके दिसते. यावरचे उपचारही विकराच्या स्वभावावर बेतलेले आहेत. हे विकर मिथेनॉलपेक्षा इथाइल अल्कोहोलला कितीतरी पटींनी अधिक पसंती देते, म्हणून रुग्णालयात मोजून दिलेले शुद्ध इथाइल अल्कोहोल किंवा फोमेपिझोल हे औषध विकराला गुंतवून ठेवते आणि डायलिसिसने विष बाहेर काढता येते. घरी आणखी दारू पाजणे हा त्यावरचा उपाय नाही. दारू प्यायल्यानंतर दुसऱ्या दिवशी कोणाला अंधुक दिसू लागले, तर उतरण्याची वाट पाहू नका, पोलिसांच्या भीतीने दडवू नका. त्याला त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात न्या आणि काय प्यायले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा.